खाडीवरचं मंत्रिमंडळ

एवढ्या मोठ्या देशाचं मंत्रिमंडळ दिल्लीत चार-पाच दिवसांत तयार होतं. आमच्या नांदरखार गावात त्या मंत्रिमंडळाच्या अभिनंदनाचा फलक तयार व्हायला त्याहून जास्त वेळ लागला आणि भांडणंही जास्त झाली. दिल्लीत निदान पंतप्रधान कोण हे आधी ठरलेलं असतं. आमच्याकडे प्रत्येक जण तीच जागा आपली समजत होता.

फलकाची कल्पना माझी. पुढे सगळ्या गावाने हे विसरायचं ठरवलं, म्हणून मलाच सांगावं लागतं. आणि कल्पना अगदी साधी होती. दोन बांबूंच्या मध्ये मावेल एवढा लहानसा फलक, त्यावर आमच्या खासदारांचा फोटो, खाली ‘समस्त ग्रामस्थ’ आणि त्याखाली एक ओळ: ‘साहेब, आमच्या उघाडीची आठवण असू द्यावी.’ यात भानगड होण्यासारखं काय आहे, हे कोणत्याही शहाण्या माणसाला विचारा. आमच्या गावातल्या विचारू नका.

आता उघाडी म्हणजे काय ते सांगतो. चौल मागे टाकून खाडीकडे वळलं की आमचं गाव. गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा खारबांध आहे आणि बांधाच्या पोटात दगडी तोंडाला बसवलेली एक लाकडी झडप. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला समुद्राला बाहेर थोपवायचं, एवढंच या उघाडीचं काम. पण झडप कुजून निम्मी राहिली होती. प्रत्येक उधाणाला खारं पाणी आत घुसायचं, शेतातून पसरायचं आणि शेवटी मुक्कामाला माझ्या विहिरीत यायचं. आमच्या चहाला अशी काही चव आली होती की पाहुणे एक घोट घेऊन कप खाली ठेवत आणि माझ्या प्रकृतीची चौकशी करत.

नेत्रा, म्हणजे आमची सौभाग्यवती, आरडाओरडा करणारी बाई नाही. एका सकाळी तिने न शिजलेल्या डाळीचं पातेलं माझ्या पुढ्यात ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, “हा पावसाळा संपेपर्यंत विहीर गोडी झाली नाही, तर मी रुचिकाकडे पनवेलला जाते. कायमची. तुम्ही बसा इथे मीठ पिकवत.” रुचिका आमची मुलगी. तिच्याकडे तिचे सासूसासरे असतात, त्यामुळे बायकोच्या पाठोपाठ मीही तिथे जाऊन पथारी पसरणं शोभलं नसतं. नेत्रा जे बोलते ते करते हे मी इतक्या वर्षांत पुरतं ओळखून होतो. उगाच आव कशाला आणू, मी घाबरलो. तिच्याशिवाय त्या घरात राहायची माझी तयारी नव्हती.

उघाडीसाठी मी अर्ज केले नव्हते असं नाही. कारखान्याच्या हिशेब विभागात जन्म गेला, अर्ज हा माझ्या हातचा मळ. पण दरवेळी उत्तर यायचं की प्रकरण विचाराधीन आहे. इतका दीर्घ विचार तर लोक मुलीचं लग्न ठरवतानाही करत नाहीत.

तेवढ्यात निवडणूक आली. आमचे खासदार तात्यासाहेब प्रचाराला आले तेव्हा विजारी दुमडून बांधावर उभे राहिले होते आणि ‘निवडून आलो की पहिलं काम हे’ असं म्हणाले होते. ते निवडून आले. त्यांचा पक्ष टीचभर, पण दिल्लीत बहुमताला थोडं कमी पडत असल्यामुळे टीचभर पक्षांना एकदम हातभर भाव आला. मग बातमी पसरली की तात्यासाहेबांनी अलिबागच्या शिंप्याकडे बंदगळ्याचं माप दिलं. उन्हाळ्यात रायगडात बंदगळा कोण शिवतो? ज्याला शपथ घ्यायची आहे तोच. मी मनाशी सरळ हिशेब मांडला: तात्यासाहेब मंत्री होणार, सत्काराला गावात येणार, फलकावरची ओळ वाचणार, उघाडी होणार, नेत्रा राहणार. हा हिशेब मी नाक्यावर मोठ्याने बोललो, तिथेच चुकलो.

संध्याकाळच्या आत बुधाजी म्हात्रे घरी आला. याच्या वडिलांची मिठागरं होती, याचे आता डंपर आहेत, आणि डंपरवर बसल्यासारखा तो खुर्चीवरही बसतो. फलक लहान नको, पार रस्त्यावरून दिसला पाहिजे, असं त्याने सांगितलं. शिवाय नुसते ‘समस्त ग्रामस्थ’ कसे चालतील, साहेबांना कळायला नको का ग्रामस्थ कोण? म्हणजे फोटो आले. फोटो आले म्हणजे समिती आली. समिती आली म्हणजे अध्यक्ष आला, आणि तो बुधाजी होता, कारण फलक ज्यातून आणायचा तो टेम्पो त्याचा होता.

समितीची पहिली बैठक मुश्ताक मुकादमाच्या गोदामात झाली. मुश्ताक बरीच वर्षं दुबईला काढून आलेला, आता सिमेंट आणि फरशीचा व्यापार करतो. कोळीवाड्यातर्फे कृष्णाबाई आली. ती मासळी विकते, पंचायतीची सदस्य आहे आणि तिच्या आवाजाला माईक लागत नाही. प्रश्न एकच होता: कोणाचा फोटो आधी? वयावर ठरवावं तर तिथे कोणी आपलं खरं वय सांगेना. शेवटी असं ठरलं की गावदेवीच्या पालखीत ज्याचा जो मान, तोच फलकावर. पालखीचा पहिला खांदा म्हात्र्यांचा, अब्दागीर कोळ्यांचं आणि मशालीचं तेल पिढ्यान्‌पिढ्या मोहल्ल्यातून येतं.

मला वाटलं, झालं. पण मुश्ताकने मुद्दा काढला की पालखीत मशाल पुढे चालते आणि खांदेकरी मागून येतात, तेव्हा पहिला फोटो तेलाचा. बुधाजी म्हणाला की मग देवी तर मशालीच्याही मागे असते, तिला काय शेवटी टाकायची? कृष्णाबाईने विचारलं की अब्दागीर सगळ्यांच्या डोक्यावर असतं, तर माझा फोटो सगळ्यांच्या डोक्यावर का नको? मुश्ताकने मग जाहीर केलं की तो समितीतून बाहेर पडतो आहे, मात्र फलकाला त्याचा बाहेरून पाठिंबा राहील. बैठक त्याच्याच गोदामात असल्यामुळे बाहेर आम्हाला पडावं लागलं.

तोडगा दिल्लीच्या धर्तीवर निघाला. बुधाजी, कृष्णाबाई आणि मुश्ताक हे तिघे मोठ्या फोटोचे, म्हणजे कॅबिनेट दर्जाचे. बाकीचे सगळे खालच्या ओळीत लहान चौकटीत. ज्यांना लहान चौकट अपमानाची वाटली, त्यांना लहानच पण स्वतंत्र गोल देण्यात आला. गोलात गेलेली मंडळी चौकटीतल्या मंडळींशी त्या दिवसापासून जरा तुटकपणे बोलू लागली.

आणि मग आला खरा प्रश्न. तात्यासाहेब मंत्री, पण कोणत्या खात्याचे? बुधाजीला त्यांना रस्ते वाहतूक द्यायची होती. कृष्णाबाईने मत्स्यव्यवसाय सोडून दुसरं काही ऐकून घ्यायला नकार दिला. मुश्ताकचं म्हणणं पडलं की परराष्ट्र खातं मिळालं तर पोरांच्या व्हिसाची कटकट मिटेल. मी हळूच म्हणालो की पाण्याशी संबंधित काही मिळालं तर बरं. तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी स्वार्थी माणूस आहे.

रेवदंड्याला प्राप्तीचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. ती म्हणाली की शपथविधी झाला की अख्खा तालुका तिच्या दारात उभा राहील, त्यापेक्षा आताच छापा आणि खात्याची जागा कोरी सोडा, नंतर पट्टी चिकटवू. त्याप्रमाणे ‘मंत्री’ या शब्दाच्या आधी एक पांढरी चौकट सोडली. प्राप्तीच्या संगणकासमोर समिती उभी राहून तोंडं इकडची तिकडे करत होती. नवीन माणूस आला की माझा फोटो थोडा आकसायचा. शेवटी प्राप्तीने मला विचारलं, “काका, हा ठेवू की काढू? तसाही दिसत नाहीये.” मी उत्तर देण्याआधी अध्यक्षांनी ‘काढ’ म्हटलं. त्या जागी बुधाजीचे कैलासवासी वडील आले, प्रेरणास्थान म्हणून.

कैलासवासी अंगाने भरदार होते. त्यांना जागा पुरेना, म्हणून माझी ओळही गेली.

“उगाडी बिगाडी तोंडानं सांगू साहेबांना,” बुधाजी म्हणाला. “सुभ कार्यात रडगानं कशाला, राऊतभाऊ? तुमी तर घरचेच हाव.”

घरचा माणूस म्हणून मी घरी आलो. विहिरीबद्दल काय लिहिलंत, असं नेत्राने विचारलं. मी म्हटलं, अक्षर जरा बारीक आहे. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पनवेलला फोन लावून रुचिकाला विचारलं की बाल्कनीत तुळस ठेवायला जागा आहे का. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि डाळ कच्ची होती हे त्याचं कारण नव्हतं.

फलकाच्या परवानगीसाठी ग्रामसेवकांकडे गेलो तर त्यांनी नमुना पाहिला आणि पांढऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. कोऱ्या जागेला परवानगी देता येत नाही, उद्या तुम्ही तिथे काहीही लिहाल, असं त्यांचं म्हणणं. खातं कळल्यावर या. शिवाय आचारसंहिता संपल्याचं त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं, लेखी आलं नव्हतं. तेव्हा गुंडाळी केलेला तो अवाढव्य फलक मुश्ताकच्या गोदामात सिमेंटच्या गोण्यांवर पडून राहिला.

शपथविधी आम्ही तिथेच बसून पाहिला. पेढे होते, फटाके होते. एकेक नाव पुकारलं जाई, एकेक माणूस ईश्वरसाक्ष की गांभीर्यपूर्वक ते सांगून सही करी. मध्येच कॅमेरा पाहुण्यांवरून फिरला आणि बंदगळ्यातले तात्यासाहेब दिसले. कृष्णाबाईने तिथल्या तिथे कानशिलावर बोटं मोडून त्यांची दृष्ट काढली. कॅबिनेट मंत्री संपले. बुधाजी म्हणाला की चांगली माणसं मागाहून घेतात. स्वतंत्र प्रभारवाले संपले. मुश्ताक म्हणाला की राज्यमंत्री काही वाईट नाही, दौरे जास्त असतात. तेही संपले आणि एकदम राष्ट्रगीत सुरू झालं. आम्ही सगळे उभे राहिलो. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

“विस्तार होतो,” राष्ट्रगीत संपल्यावर मुश्ताक म्हणाला. “हर सरकारचा होतो. इन्शाअल्लाह, आपला पन होईल.” पेढे उरले असते तर खराब झाले असते, म्हणून आम्ही ते दुःखातच संपवले.

त्यानंतरच्या अमावास्येला भर दुपारी उधाण आलं आणि राहिलेली अर्धी झडपही घेऊन गेलं. सगळं गाव बांधावर धावलं. मातीने भरलेल्या गोण्या उघाडीच्या तोंडाशी टाकाव्यात तर पाणी त्या आत ओढून नेई. गोण्यांना अडवायला काहीतरी आडवं, जाड हवं होतं. चिखलात गुडघाभर उभी असलेली नेत्रा मुश्ताककडे वळून म्हणाली, “मुश्ताकभाई, गोदामातलं मंत्रिमंडळ आणा.”

फलक आला. वर-खाली लोखंडी नळ्या शिवलेल्या, मजबूत प्लास्टिक, दुहेरी जाडीचं. आता त्याची तोंडं कोणीकडे, यावरून तेवढ्या लगबगीतही वाद झाला. बुधाजीला फोटो गावाकडे हवे होते, म्हणजे लोकांना दिसतील. नेत्राने सांगितलं की मागची शिवण दगडाच्या खाचेत बसते, तेव्हा तोंडं खाडीकडेच. समुद्रालाही कळू दे कोण कोण आहेत ते. वरची नळी दगडाला बांधली, फलक खाली सोडला, आणि भरतीच्या पाण्याने स्वतःच तो उघाडीच्या तोंडावर थापून बसवला. पाणी थांबलं. ओहोटी लागल्यावर आतल्या पाण्याने त्याला हळूच पुढे ढकललं आणि ते वाट काढून निघून गेलं. जुन्या झडपेचं काम फलक जुन्या झडपेपेक्षा चांगलं करत होता. भरतीला तात्यासाहेब मागे रेलायचे, ओहोटीला पुढे झुकायचे, आणि एवढी लवचीकता असूनही दिल्लीने त्यांना कसं वगळलं याचं आम्हाला नवल वाटत राहिलं.

पाऊस आतलं खारेपण धुऊन घेऊन गेला. गणपती येईपर्यंत विहीर गोडी झाली. नेत्राने पनवेलचा विषय काढणं बंद केलं, आणि तो कशाने निघेल या भीतीने मीही विहिरीबद्दल चकार शब्द काढत नव्हतो. खाडीतून जाणारे कोळी ओहोटीला कॅबिनेटला हात करून पुढे जात. बुधाजीने बांधावर येणं सोडून दिलं होतं, कारण त्याच्या गालावर कालवं धरली होती. माझा फोटोच नसल्यामुळे बांधावरून ताठ मानेने फिरणारा समितीतला मी एकटा राहिलो.

आणि शिमगा उलटल्यावर विस्तार झाला. तात्यासाहेब खरोखर मंत्री झाले. सांख्यिकी खात्याचे राज्यमंत्री. या खात्याची कल्पना समितीत कोणालाच नव्हती. बुधाजीने मला विचारलं की यात डंपर मोजतात का. मी म्हटलं, मोजत असतील. लगेच साहेबांच्या स्वीय सहायकाचा फोन आला: उद्या जिल्ह्याचा दौरा, नांदरखारलाही धावती भेट, रस्त्यावर स्वागताचा फलक असावा.

प्राप्तीच्या दुकानाबाहेर तालुक्याची रांग लागलेली. नवा फलक दोन दिवस तरी मिळणार नव्हता. बुधाजीने टेम्पो काढला आणि दोर घेऊन समिती बांधावर निघाली. जुना फलक काढायचा, धुवायचा, पांढऱ्या चौकटीत खातं लिहायचं आणि रस्त्यावर टांगायचा. उद्याच अमावास्या होती, हे मी तीनदा सांगितलं. एका दिवसानं काय व्हतंय, असं मला तीनदा सांगण्यात आलं.

आम्ही पोचलो तर उघाडीच्या बरोबर वर नेत्रा पाटावर बसली होती. मांडीवर परात, परातीत भिजवलेले वाल. ती ते शांतपणे सोलत होती. फलकाचा दोर तिच्या पाटाखाली होता.

“वहिनी, वाईच सरका,” बुधाजी म्हणाला. “मंत्री येताव.”

“येऊ देत की. त्यांना फलकच बघायचाय ना? मग इकडे आणा,” ती वाल सोलता सोलता म्हणाली. “हे निघालं तर उद्या माझ्या विहिरीत समुद्र येतो. खातं त्यांना मिळालंय. चूल मला पेटवायचीय.”

समितीने माझ्याकडे पाहिलं. तुमची बायको आहे, तुम्ही समजवा. इतक्या महिन्यांत समितीने मला दिलेलं हे पहिलंच खातं. मी पुढे गेलो, घसा साफ केला, आणि नेत्राने पाटावर थोडं सरकून मला जागा केली. मी बसलो. परातीतला वाल उचलून सोलायला लागलो. आत काहीतरी एकदम हलकं झालं, आणि बुधाजी काय बोलत होता ते मला नीट ऐकूच आलं नाही.

बोलून बोलून थकल्यावर कृष्णाबाईच आमच्या बाजूला येऊन बसली, वर म्हणाली की हे दोघे असे सोलत बसले तर वाल परवापर्यंत पुरतील. मग मुश्ताक आला. अध्यक्ष टेम्पोत एकटेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचा ताफा रस्त्यावर फलक शोधत शोधत शेवटी बांधावर आला. मागे वार्ताहर, कॅमेरे. तात्यासाहेब हसतमुखाने पुढे झाले, बांधावरून खाडीच्या बाजूला डोकावले आणि त्यांना ते स्वतः दिसले. मिशीत शेवाळ, कपाळावर कालवं, आणि ‘मंत्री’ शब्दाआधीच्या कोऱ्या चौकटीत एक चिंबोरी नांगी वर करून बसलेली. एका वार्ताहराने विचारलं, साहेब, हे कोणतं खातं?

“खारा पानी अडवायचा,” कृष्णाबाई म्हणाली. “गेलं सालभर करताव. बिनपगारी.”

तात्यासाहेब राजकारणात उगाच टिकले नव्हते. ते मोठ्याने हसले, झडपेसारखे पुढे झुकले. पण तोवर भरती लागली होती. सगळे कॅमेरे रोखलेले असताना पाणी फलकावर चढू लागलं. आधी प्रेरणास्थान बुडालं, मग गोल, मग चौकटी. पाणी जेव्हा तात्यासाहेबांच्या हनुवटीला लागलं तेव्हा त्यांचं हसू मावळलं आणि त्यांनी सहायकाकडे फोन मागितला. ते फोनवर काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण त्यांचं नाक पाण्याखाली जायच्या आत त्यांचं बोलणं संपलं होतं.

विचाराधीन प्रकरणाचा विचार त्याच आठवड्यात पुरा झाला. पुढच्या उधाणाआधी उघाडीला नवी लोखंडी झडप बसली. तिच्याशेजारी एक फरशीही बसली, मुश्ताकच्या दुकानातली. तिच्यावर मंत्र्यांच्या खाली अध्यक्ष बुधाजी म्हात्रे आणि समितीतल्या झाडून सगळ्यांची नावं कोरली आहेत. माझं नाव जागेअभावी राहिलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं, आणि चांगलंच वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी मी पडवीत तोंड पाडून बसलो होतो. आत नेत्रा चुलीवर चहाचं आधण ठेवून रुचिकाशी फोनवर बोलत होती. मी येत नाही बाई, ती म्हणत होती, आता तूच ये, सगळ्यांना घेऊन ये, पाणी बघ कसं झालंय ते. मग पलीकडचा प्रश्न ऐकून म्हणाली, “अगं, आणलं कोणी म्हणजे काय? तुझ्या बाबांनीच.”

हे खरं नव्हतं. तिला माहीत होतं आणि मलाही. पण मी पडवीत एकटाच असूनही सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि ताठ बसलो. तेवढ्यात आतून आवाज आला, “बाबांनी म्हणजे, बांधावर मी बसले तेव्हा माझ्या शेजारी येऊन बसले. गावात एवढं तरी कोणी केलं?”

मग तिने चहा आणून दिला, आणि मी सबंध कप प्यालो.